‘रयत’चे सेवक आणि एक चूल

माझी भाची सांगलीत विश्रामबागेतल्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत बसून नोकरी करते. एका ऑनलाइन शिकवणाऱ्या कंपनीत ती आहे. कंपनीचे ऑफिस तिने अजून पाहिलेले नाही. सकाळी नऊला लॅपटॉप उघडायचा, कानाला हेडफोन लावायचा आणि रात्री जेवायला हाक मारली की हातानेच ‘थांबा’ म्हणायचे. गेल्या ईदला शिरखुर्म्याचे पातेले शेगडीवरून उतरत होते आणि हिचा कॉल सुरू होता. पलीकडे कुठल्याशा गावातला एक बाप होता, मुलाच्या कोर्ससाठी कर्जाचे हप्ते बांधून घ्यावेत की नाही या विचारात पडलेला. फोन ठेवल्यावर मी विचारले, “आज तरी सुट्टी नाही का गं?” ती हसली. म्हणाली, “मामू, आमच्याकडं सुट्टी मागत नाहीत. आम्ही फॅमिली हाय म्हणतात.”

दोन महिन्यांनी त्या फॅमिलीने तिच्या टीममधल्या अकरा जणांना एका ईमेलवर घरी बसवले. ही वाचली. पण तिचे हसणे गेले.

तो ‘फॅमिली’ शब्द माझ्या डोक्यातून जाईना. कारण याच सातारा-सांगलीच्या पट्ट्यात शंभर वर्षांपूर्वी शिक्षणाचा एक असा कारभार उभा राहिला, ज्यात काम करणाऱ्याला नोकर म्हणत नसत. आजही म्हणत नाहीत. शिपायापासून प्राचार्यापर्यंत सगळे ‘रयत सेवक’. त्यांची बँकसुद्धा रयत सेवक बँक. आमचे बडे अब्बा, म्हणजे माझे थोरले चुलते, रयतच्या हायस्कुलात मास्तर होते. घरातल्या कुठल्याही लग्नपत्रिकेत त्यांच्या नावाखाली ‘रयत सेवक’ छापलेच पाहिजे, असा त्यांचा हट्ट असे. कुटुंब, सेवा, त्याग ही भाषा तिथेही होतीच, किंबहुना जास्तच होती. मग भाचीच्या कंपनीत आणि त्या संस्थेत फरक काय? की फरक नाहीच, जुन्याला आपण नुसता नमस्कार करतो? हे तपासायचे तर कर्मवीरांचा पुतळा आणि संस्थेचा वटवृक्ष थोडा वेळ बाजूला ठेवून आत राबलेल्या माणसांकडे बघावे लागते.

१९१९ साली या भागात दोन शिक्षणसंस्थांचा प्रारंभ झाला. एक सांगलीत. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने तिथे विलिंग्डन कॉलेज काढले, नाव मुंबईच्या गव्हर्नरचे. दुसरी तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर, कराडजवळच्या काले या गावात. सत्यशोधक मंडळींच्या पुढाकाराने ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, ‘रयत शिक्षण संस्था’ स्थापन झाली. तिला गव्हर्नरचे नाव नव्हते, इमारत नव्हती, पदवीधर शिक्षकही नव्हता. संस्थापक भाऊराव पायगौंडा पाटील स्वतः मॅट्रिकसुद्धा झालेले नव्हते.

पुण्याच्या संस्थेची कामाची एक रीत होती. १८८४ पासून तिथे ‘आजीव सभासद’ ही पद्धत होती. शिकलेल्या माणसाने माफक पगारावर काही वर्षे संस्थेला वाहून घ्यायचे आणि संस्था अशाच माणसांनी चालवायची. कल्पना उदात्त, पण सहाच वर्षांत तिला तडा गेला. आजीव सभासदाने बाहेरची कामे करावीत का, बाहेरची कमाई कुणाची, वेळ कुणाचा, यावरून वाद पेटले आणि १८९० मध्ये लोकमान्य टिळकांनी स्वतः काढलेल्या संस्थेचा राजीनामा दिला. म्हणजे महाराष्ट्रातल्या आधुनिक शिक्षणसंस्थांचे पहिले मोठे भांडण अभ्यासक्रमावरून नव्हे, कामाच्या अटींवरून झाले. आपल्याकडे ते टिळक-आगरकरांच्या विचारांचे भांडण म्हणून शिकवतात. विचारांचे ते होतेच. पण पगाराचे आणि वेळेचेही होते.

कालेला जमलेल्यांपुढे वेगळाच पेच होता. वाहून घ्यायला शिकलेली माणसेच नव्हती. ज्यांच्यासाठी शाळा काढायची त्यांच्यातूनच उद्याचा मास्तर घडवायचा होता, आणि तो घडेपर्यंत त्याला जेवू घालायचे होते. रयतची कामाची रीत या एका अडचणीतून जन्मली.

भाऊरावांचे आधीचे आयुष्य इथे समजून घ्यावे लागते. जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कुंभोजचा. घराणे जैन, मूळ गाव सांगली जिल्ह्याच्या वाळवे तालुक्यातले ऐतवडे बुद्रुक. शिक्षणासाठी ते कोल्हापूरला जैन बोर्डिंगात राहिले. छत्रपती शाहू महाराजांचे कोल्हापूर तेव्हा वसतिगृहांचे गाव झाले होते. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग निघाले. १९०६ मध्ये मुसलमान मुलांसाठी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी आली, आणि महाराज स्वतः तिचे अध्यक्ष झाले. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. आपल्या समाजात शाहूंचे नाव आजही प्रेमाने घेतात, त्यात या बोर्डिंगचा वाटा मोठा आहे.

मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला भाऊराव गेले आणि परतल्यावर आंघोळ करून ‘शुद्ध’ व्हायला त्यांनी नकार दिला. जैन बोर्डिंगने त्यांना बाहेर काढले. ही गोष्ट कर्मवीरांच्या प्रत्येक चरित्रात आहे, शाळेच्या भाषणांत तर हमखास. पण तिच्यातला महत्त्वाचा तपशील आपण वाचून सोडून देतो. कोल्हापुरात प्रत्येक जातीचे बोर्डिंग वेगळे होते, म्हणजेच प्रत्येकाची चूल वेगळी होती. महाराजांचा हिशेब व्यवहारी होता. प्रत्येक समाजाने आपापल्या मुलांची जबाबदारी घ्यावी, त्यासाठी पैसा आणि जागा दरबार देईल. त्या काळात दुसरे काही चाललेही नसते. पण एका चुलीवरून हाकललेल्या पोराच्या मनात वेगळे गणित सुरू झाले असावे. पुढे त्याने जे जे वसतिगृह काढले, त्यात चूल एकच ठेवली.

पहिला प्रयोग आजच्या सांगली जिल्ह्यातल्या दूधगावचा. वारणेच्या काठावरच्या या गावात १९१० च्या सुमारास भाऊरावांनी गावातल्या सोबत्यांना घेऊन विद्यार्थी आश्रम सुरू केला, सर्व जातींच्या मुलांसाठी. पोटासाठी तेव्हा ते साताऱ्यात शिकवण्या घेत होते. घरोघर जाऊन शिकवणारा मास्तर, आजच्या भाषेत होम ट्यूटर. मग किर्लोस्करांकडे नोकरी लागली. कुंडलच्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली होती आणि लोखंडी नांगर गावोगाव विकायचा होता. भाऊराव त्या नांगराचे विक्रेते झाले.

या नोकरीबद्दल चरित्रांत दोन ओळी असतात. मला ती फार महत्त्वाची वाटते. शेतकऱ्याचा लाकडी नांगरावर विश्वास. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी भीती. अशा माणसासमोर उभे राहून त्याला समजावून सांगायचे, शेतात चालवून दाखवायचे, पैसे कधी देणार ते विचारायचे. विक्रेत्याला गावातला पाटील कोण, कुणाचे ऐकले जाते, कुणाच्या घरी चार पोती जास्त आहेत आणि कुणाचे पोर हुशार असून गुरामागे जाते, हे सगळे ठाऊक असावे लागते. पुढे वसतिगृहासाठी धान्य मागत भाऊराव ज्या वाटांनी फिरले, त्यांतल्या कितीतरी आधी नांगराच्या वाटा होत्या. माझी भाची फोनवर जे करते तेच हे काम. फरक एवढाच की नांगरवाला परत त्याच गावात यायचा. नांगर मोडला तर त्याला तोंड दाखवावे लागायचे.

किर्लोस्करांनंतर धनजीशा कूपर यांच्या लोखंडी कारखान्याच्या उभारणीत ते होते. नफ्यातला वाटा बहुजनांच्या शिक्षणाला मिळावा ही त्यांची अपेक्षा पुरी झाली नाही आणि ते बाहेर पडले. कूपर पुढे राजकारणात चढत गेले, १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधानही झाले. धंद्याच्या नफ्यावर शिक्षण चालवण्याचा भाऊरावांचा बेत तिथेच संपला.

संस्थेच्या नावाबद्दल थोडे विषयांतर. ‘रयत’ हा अरबीतून फारसीमार्गे मराठीत आलेला शब्द. मुळात त्याचा संबंध राखण करण्याशी आहे, राखणदाराच्या हवाली असलेले ते रयत. आदिलशाही-निजामशाहीच्या दफ्तरांतून तो शिवकाळात आला आणि मराठीने तो इतका आपला केला की आज कुणाला तो परका वाटत नाही. सत्यशोधकांनी संस्थेसाठी हाच शब्द निवडला. जातीचे नाव नाही, देवाचे नाही, देणगीदाराचेही नाही. मराठीतून फारसी-अरबी शब्द वेचून काढायची हौस ज्यांना अधूनमधून येते, त्यांनी सातशेहून अधिक शाखांच्या पाट्यांचे काय करायचे तेही सांगून टाकावे.

काले, नेर्ले अशा ठिकाणांनंतर १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्याला आले आणि तिथे वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याला ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ हे नाव मिळाले. इथे मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी मुले एकत्र राहत. दळण, स्वयंपाक, भांडी, झाडलोट, शेतावरचे काम, इमारतीचे दगड वाहणे हे सगळे मुलांनीच करायचे. आज महार, उद्या मराठा, परवा मुलाणी अशी चुलीजवळची पाळी. १९२४ च्या साताऱ्यात याचा अर्थ काय होता हे ज्याच्या घरात पाण्याचा माठ शिवण्यावरून मार बसला आहे त्यालाच नीट कळेल.

मुसलमान मुलांसाठी या पंगतीला आणखी एक अर्थ होता. सातारा-सांगलीच्या खेड्यातला मुसलमान नवाब-जहागीरदारांचा वंशज नव्हता. तो मुलाणी होता, शिकलगार, तांबोळी, आतार, पिंजारी होता. गावगाड्यातला कारागीर किंवा बलुतेदार. अलिगढचा विचार त्याच्या गावापर्यंत पोचला नव्हता, आणि पोचला असता तरी तिथवरचे गाडीभाडे त्याच्याकडे नव्हते. त्याच्या मुलासाठी शिक्षणाची वाट साताऱ्यातच असणार होती, मराठीतूनच असणार होती. आणि जेवणाचे काय, हा आमच्या घरांत हमखास निघणारा प्रश्न? बडे अब्बा सांगायचे, “अरे बाबा, भाकरी आणि आमटी. त्यात हलाल-हराम काय शोधणार?” गरिबीने धर्मशास्त्राची कितीतरी कोडी परस्पर सोडवून टाकली होती.

धान्य गावांतून यायचे. बायका दळायला बसण्यापूर्वी एक मूठ बाजूला काढून ठेवत. त्याला ‘मुष्टिफंड’ म्हणत. सुगीला गाड्या फिरत. तरीही कमी पडायचे. अशाच एका वेळी भाऊराव बाहेरगावी असताना कोठी रिकामी झाली आणि लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र काढून दिले. दागिने त्याआधीच गेले होते. सोवळ्या-ओवळ्यात वाढलेली ही पाटलाची लेक साऱ्या जातींच्या पोरांची ‘वहिनी’ झाली आणि १९३० मध्ये, संस्था अजून लहान असतानाच, गेली. पुढे तिच्या नावाने शिक्षणोत्तेजक पतपेढी निघाली. त्या पतपेढीच्या कर्जावर किती जण शिकले असतील.

मंगळसूत्राची गोष्ट सांगताना आमचे वक्ते भावुक होतात. मला ती ऐकताना दरवेळी थोडे अस्वस्थ व्हायला होते. वाहून घेण्याचा निर्णय घरातल्या पुरुषाने घेतला, त्याची किंमत सोन्याच्या रूपाने बाईने मोजली, आणि सोने संपल्यावर तब्येतीने मोजली. पुढच्या काळात ज्यांनी आजीव सेवकत्व पत्करले, त्यांच्या घरांतही याहून वेगळे झाले नसणार. तुटपुंज्या पगारात महिना कसा निघाला, बदलीच्या गावात पोरांना कुणी सांभाळले, पाहुणा म्हणून आलेल्या चार विद्यार्थ्यांना कुठल्या डब्यातले पीठ काढून घातले, हे त्या बायकांनी लिहून ठेवले असते तर रयतचा दुसरा इतिहास हाती आला असता.

पण त्याचबरोबर हेही बघितले पाहिजे की या संस्थेने माणसाकडे मागण्याआधी त्याला दिले. जो मास्तर होणार होता, त्याला पोरवयात जेवू घातले, कपडे दिले, शिकवले. १९३२ मध्ये, पुणे कराराच्या पार्श्वभूमीवर, पुण्यात युनियन बोर्डिंग काढले. १९३५ मध्ये साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज सुरू केले, म्हणजे बोर्डिंगातला पोरगा तिथून शिक्षक होऊन बाहेर पडायचा. १९३८ पासून ज्या गावांत सरकारी शाळा नव्हत्या तिथे व्हॉलंटरी शाळा निघाल्या. काही वर्षांत त्यांची संख्या पाचशेवर गेली. डोंगरातल्या वाडीत, देवळाच्या नाहीतर चावडीच्या ओसरीत, विशी-बाविशीचा मास्तर. त्याला ही नोकरी कुणा परक्या कंपनीने दिली नव्हती. ज्या चुलीवर तो जेवला होता, तिच्यासाठीच तो आता धान्य आणि पोरे गोळा करत होता. मालक आणि नोकर यांच्यातली रेघ इथे पुसट होती ती अशी.

१९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. दोन्हींकडे ‘कमवा आणि शिका’. कॉलेजातला मुलगा सकाळी खोरे घेऊन शेतात आणि अकराला वर्गात. वाळवे तालुक्यातल्या ढवळीचे एन. डी. पाटील पन्नाशीच्या दशकात याच कॉलेजात प्राध्यापक होते आणि ‘कमवा आणि शिका’चे काम पाहत होते. पुढे ते शेतकरी कामगार पक्षाचे नेते झाले, मंत्री झाले, संस्थेच्या कारभाराची धुराही त्यांनी वाहिली. बॅरिस्टर पी. जी. पाटील रयतच्याच मुशीतले. विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले आणि वकिलीत पैसा असताना परत येऊन संस्थेत शिकवायला लागले. पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अशा माणसांना कुणी ‘टॅलेंट’ म्हणून पळवून आणले नव्हते. ती घरातच पिकली होती.

या मांडणीत आपल्या माणसांची जागा कुठे? साताऱ्यात जा. कायद्याच्या महाविद्यालयावर नाव आहे इस्माईलसाहेब मुल्ला यांचे. कर्मवीरांच्या निकटच्या सहकाऱ्यांपैकी ते एक. मुल्ला हे आडनावच सांगते की घराणे गावच्या मशिदीशी आणि बलुत्याशी जोडलेले. अशा घरातला माणूस बहुजनांच्या सर्वांत मोठ्या शिक्षणसंस्थेच्या उभारणीत राबला आणि संस्थेने त्याचे नाव कायद्याच्या कॉलेजला दिले. अल्पसंख्याकांसाठी राखून ठेवलेल्या एखाद्या कोपऱ्यातल्या शाळेला दिले नाही. साताऱ्याच्याच अध्यापक महाविद्यालयाचे नाव आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन, स्थापना १९५५. मौलाना अबुल कलाम आझाद तेव्हा देशाचे शिक्षणमंत्री होते. कराडचे कॉलेज त्याआधी वर्षभर निघाले, ते सद्‌गुरू गाडगे महाराजांच्या नावाने. शाहू, सयाजीराव, शिवाजी, गाडगेबाबा, आझाद, मुल्ला. एका संस्थेच्या पाट्यांवर ही नावे शेजारी-शेजारी आली, यासाठी कुठलाही शासन निर्णय लागला नव्हता.

पण आमच्या मंडळींकडूनही एक चूक झाली, ती इथेच सांगितली पाहिजे. मुस्लिम शिक्षणाचा इतिहास लिहायला बसलो की आपण सर सय्यदांपासून सुरुवात करतो, मुंबईच्या अंजुमनवर येतो आणि थांबतो. सातारा-सांगलीचा मुसलमान ज्या वाटेने शिकला ती वाट आपल्याला ‘आपली’ वाटत नाही, कारण तिच्यावर चाँदतारा नाही. आणि बहुजन चळवळीचा इतिहास लिहिणारे इस्माईलसाहेबांचे नाव कॉलेजच्या पाटीपुरतेच घेतात. दोन्ही घरांनी त्यांना बाहेर ओसरीवर बसवले आहे. साताऱ्याच्या त्या कॉलेजातून दरवर्षी वकील बाहेर पडतात. त्यांतल्या काहींना मी विचारून पाहिले, हे मुल्ला कोण? एकाने सांगितले, “कुणीतरी देणगीदार असतील.” देणगी त्यांनी दिली खरी. आयुष्याची.

संस्थेची खरी परीक्षा १९४८ मध्ये झाली. गांधींजींचा खून झाला. त्याच आठवड्यांत या पट्ट्यात ब्राह्मणांची घरे जळत होती, वाडे लुटले जात होते. हे आपल्या जिल्ह्यांच्या इतिहासातले काळे पान आहे आणि बहुजन म्हणवणाऱ्यांनी ते झाकू नये. भाऊरावांनी गांधींच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला. पण त्याच सुमारास सरकारवरच्या त्यांच्या स्पष्ट टीकेमुळे मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. शेकडो मास्तरांचे पगार एका आदेशाने अडकले.

आता भाचीच्या कंपनीचा ईमेल आठवून पाहा. तिथे पैसा आटला तेव्हा माणसे कमी केली. इथे पैसा आटला तेव्हा गावांनी वर्गणी काढली, सेवकांनी पोटाला चिमटा घेतला आणि शाळा चालू ठेवल्या. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. हा चमत्कार मुळीच नव्हता. ज्याला पगार मिळाला नाही त्या मास्तराला ठाऊक होते की साताऱ्यात बसलेल्या दाढीवाल्या अण्णांच्याही घरात काही नाही. त्यागाची मागणी करणाऱ्याने आपला त्याग आधी केलेला होता, आणि तो सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. भाऊराव ९ मे १९५९ ला गेले, त्या वर्षी सरकारने त्यांना पद्मभूषण दिले होते आणि पुणे विद्यापीठाने डी.लिट. मॅट्रिक न झालेल्या माणसाला.

मात्र या रीतीचा धोकाही त्यातच होता. जी संस्कृती एका माणसाच्या नैतिक वजनावर उभी असते ती त्याच्या मागे नियमांत कशी उतरवायची? नियम नसतील तर त्याग हा हक्काने वसूल करायचा कर होऊन बसतो. म्हणून पुढे शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानातून, ठरलेल्या श्रेणीप्रमाणे मिळू लागले, निवृत्तिवेतन आले, ते बरेच झाले. जुनी माणसे कुरकुरतात की पगार वाढले आणि सेवाभाव गेला. बडे अब्बा असे कधी म्हणाले नाहीत. पहिली पूर्ण पेन्शन हातात आली तेव्हा त्यांनी बडी अम्मीला सोन्याच्या दोन बांगड्या केल्या. एवढेच म्हणाले, “हे आधीच द्यायचं होतं.”

मग सरकारला ‘सेवक’ हा शब्द आवडला. २००० साली महाराष्ट्रात ‘शिक्षण सेवक’ योजना आली. डी.एड., बी.एड. झालेल्या तरुणाला पहिली तीन वर्षे पगार नाही, मानधन. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला कित्येक वर्षे महिना ६ हजार रुपये मिळत होते. २०२३ मध्ये ते १६ हजार झाले. गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्याला यापेक्षा जास्त मिळत होते. कॉलेजांत तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक आले, ज्यांना सुट्टीतल्या दिवसांचे काहीच मिळत नाही. भाऊरावांच्या काळात सेवक हा शब्द माणसाने स्वतःहून घेतलेला होता. आता तो वरून चिकटवलेला आहे. ज्याने कधी कुणाला जेवू घातले नाही, त्यानेच ताटावर हक्क सांगावा असा हा प्रकार. माझ्या मते ‘फॅमिली’चे कुळही हेच.

ऑनलाइन कंपन्यांच्या या धंद्याला टाळेबंदीत भरती आली होती. सगळ्यांत मोठी बायजूज. २०११ मध्ये सुरू झालेली, २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलरची मानली गेलेली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात तिने अडीच हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले आणि २०२४ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायालयात गेले. एवढा पैसा रयतला शंभर वर्षांत एकरकमी दिसला नसेल. मुष्टिफंडाच्या एका मुठीत किती दाणे असतात याचा आणि अब्ज डॉलरचा ताळा कुणी करून दाखवावा.

रयतचे पुढे सगळे बरेच चालले आहे असे मला म्हणायचे नाही. २०२१ मध्ये साताऱ्यात कर्मवीरांच्या नावाचे समूह विद्यापीठ झाले, इमारती वाढल्या, कमिट्या वाढल्या. सगळ्या मोठ्या संस्थांचे जे होते ते इथेही थोडेफार होणारच. वाळव्यात कर्मवीरांच्या नावाचे कॉलेज ज्या गावात आहे, त्या इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याचे राज्य सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. ज्या नावाच्या गावात लोकांनी मुठीमुठीने संस्थेला धान्य दिले, ते नावच गेले. कॉलेजच्या पाटीवर ‘कर्मवीर भाऊराव पाटील’ तसेच आहे.

गेल्या महिन्यात भाचीला घेऊन साताऱ्याला गेलो होतो, एका लग्नाच्या निमित्ताने. परतताना रिक्षा कायद्याच्या कॉलेजसमोरून गेली. तिने पाटी वाचली आणि विचारले, “मामू, हे मुल्ला कोण?” मी जेवढे ठाऊक होते तेवढे सांगितले. पंगतीचे, दळणाचे, वहिनीच्या मंगळसूत्राचे. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “त्यांना नोकरीवरनं काढायचे का?” मी म्हटले, “काढायचं तर आधी ताटावरनं उठवावं लागलं असतं.” तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने पाहिला, वाजू दिला, आणि पिशवीत टाकला.